नदीकाठची सोपी वाट: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सोलापूर व परिसरातील वाचकांकडून या महिन्यात आलेल्या पत्रांत नदीकाठाने पायी अथवा सायकलने फिरण्याविषयीची पत्रे बरीच आहेत. त्यांतील निवडक पत्रे, आवश्यक तेथे संक्षेप करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न: आम्ही उभयता निवृत्त शिक्षक असून जुळे सोलापुरात राहतो. सकाळचे फिरणे कधी सिद्धेश्वर तलावावर, कधी कंबर तलावाजवळ होते. आता वाहत्या नदीच्या काठाने तास-दोन तास सपाट वाटेने चालावे, जमल्यास पुढे सायकलही न्यावी, अशी इच्छा आहे. असा मार्ग सोलापूरजवळ आहे काय? आमचे पुतणे मोबाईलवरील नकाशात सीनेच्या काठाने जाणारी एक बारीक रेघ दाखवतात. तिच्यावर विसंबावे काय?

उत्तर: त्या रेघेवर विसंबू नये. सोलापूर हे नदीकाठचे शहर नाही. शहरात पाणी दिसते ते तलावांचे, आणि सीना व भीमा या दोन्ही नद्या शहराला दुरूनच वळसा घालून जातात. त्यातही या नद्यांच्या काठाने सलग जाणारी, पाट्या लावलेली, आखीव वाट नाही. नकाशातील रेघ ही बहुतेक वेळा शेतात जाणारी गाडीवाट असते. ती नदीच्या दिशेने उत्साहाने निघते आणि कोणाच्या तरी पाण्याच्या मोटारीपाशी जाऊन संपते.

असे का, हे समजून घेतल्यास पुढचे नियोजन सोपे होते. ज्या देशांतील नद्यांतून बारमाही नौका चालत, तेथे प्रवाहाविरुद्ध नौका ओढून नेणाऱ्या घोड्यांसाठी काठाने सलग वाट ठेवावी लागे, आणि आजचे पुष्कळसे सायकलमार्ग त्या वाटेवरच उभे आहेत. आपल्या भीमा-सीनेची तऱ्हा वेगळी आहे. पावसाळ्यात लोंढा आणि उरलेले आठ महिने बारीक धार, अशा नदीतून लांबचा प्रवास कोणी केला नाही. नदी ही ओलांडण्याची गोष्ट होती. म्हणून आपले जुने रस्ते नदीला समांतर गेले नाहीत, ते पायउताराच्या किंवा नावेच्या जागी काटकोनात येऊन भिडले. शिवाय काठची जमीन सर्वांत कसदार, त्यामुळे शेती थेट दरडीच्या कडेपर्यंत पोचली. वाटेसाठी पट्टी मोकळी ठेवण्याचे कोणाला कारणच नव्हते.

तेव्हा नदीला चिकटून चालण्याचा हट्ट सोडावा आणि गावरस्त्याने जात नदीला जागोजागी भेटावे, असे आमचे सांगणे आहे. घाट, संगम, पूल आणि बंधारा या आपल्याकडील भेटीच्या जागा आहेत. दोन बंधाऱ्यांमधले अंतर गावरस्त्याने तोडून प्रत्येक बंधाऱ्यावर थांबण्याची पद्धत ठेवली, तर अर्ध्या दिवसाची उत्तम फेरी होते आणि वाट चुकण्याचा प्रश्न राहत नाही.

केवळ चालण्यासाठी आमची पहिली पसंती माचणूरला आहे. सोलापूर-मंगळवेढा रस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटरवर बेगमपूरनंतर भीमेचा पूल लागतो आणि तो ओलांडला की माचणूर येते. नदीकाठी सिद्धेश्वराचे मंदिर, पात्रात उतरणारा दगडी घाट आणि शेजारीच भुईकोट किल्ला, हे सारे पायी सहज फिरता येईल एवढ्या टापूत आहे. दख्खनच्या मोहिमेत औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात याच परिसरात, लगतच्या ब्रह्मपुरीला होती. एका मोगल बादशहाने चार वर्षे मुक्कामासाठी हा काठ का निवडला असेल, याचा उलगडा घाटावर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहिले की आपोआप होतो: बारमाही पाणी, दूरवर दिसणारी सपाटी आणि चाऱ्याचा प्रदेश. किल्ल्याच्या ढासळलेल्या तटावर मात्र चढू नये. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. तेथे चप्पल घालून उतरण्यापेक्षा न उतरणे बरे.

सायकलसाठी सीना अधिक जवळची. मंगळवेढा रस्त्यावरील तिऱ्हे आणि विजापूर रस्त्यावरील वडकबाळ या दोन्ही गावांजवळ महामार्ग सीना ओलांडतो, आणि तेथून आत वळले की काठच्या गावांना जोडणारे अरुंद, कमी वाहतुकीचे रस्ते मिळतात. शहरापासून तेथपर्यंतचा महामार्ग सायकलने तोडू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. वाहनांचा वेग पाहता त्या अंतरात आनंद नाही आणि धोका आहे. सायकली छोट्या टेम्पोतून किंवा मोटारीच्या मागे बांधून न्याव्यात आणि गावात शाळेजवळ अथवा देवळापाशी, विचारून, गाडी उभी करावी.

वाटेत लागणारे बंधारे बहुधा कोल्हापूर पद्धतीचे असतात. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपल्यावर बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढतात. अनेक बंधाऱ्यांच्या माथ्यावरून गावकरी दुचाकी नेतात. ते निर्धास्त जातात म्हणून आपणही जावे, असे नाही. माथा अरुंद असतो, कठडा असेलच याची खात्री नसते, आणि समोरून दुचाकी आली तर कोणाला तरी मागे सरावे लागते. सायकलवरून उतरावे आणि ती हाताने धरून चालत पलीकडे जावे. बर्गे बसवलेले असतील तर वरच्या अंगाला संथ, खोल पाणी आणि खालच्या अंगाला उघडे खडक व उथळ डबकी, असे दोन वेगळे देखावे एकाच जागी पाहायला मिळतात. खालच्या उथळ पाण्यात शेकाट्या, तुतारी, धोबी हे पक्षी हिवाळ्यात हमखास दिसतात. वरच्या पाण्यावर खंड्या आणि पाणकावळे. दुर्बीण असल्यास अवश्य न्यावी.

पंढरपूरचा उल्लेख केला नाही तर वाचक रागावतील. चंद्रभागेच्या घाटांपासून विष्णुपद आणि गोपाळपूरपर्यंतचे चालणे सुंदर आहे. मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम विष्णुपदावर असतो अशी श्रद्धा असल्याने त्या महिन्यात तेथे वर्दळ असते, पण ती वारीतल्या गर्दीसारखी नसते. वाळवंटातून चालताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे: पाण्यात उतरू नये. वाळूच्या उपशामुळे पात्रात खोल खड्डे पडलेले असतात आणि वरून पाणी सर्वत्र सारखेच उथळ दिसते.

प्रश्न: मी बाळे येथे राहतो. माझा दहा वर्षांचा मुलगा आणि मी साध्या सायकली घेऊन सीनेच्या बाजूला जातो, आणि दरवेळी एक तरी चाक बसते. मित्र म्हणतात, गिअरची महागडी सायकल घ्या. तसे करावे काय?

उत्तर: गिअरमुळे पंक्चर थांबत नाही. आपला शत्रू वेगळा आहे. तो जमिनीलगत, पिवळ्या फुलांचा, दिसायला गरीब असा सराटा आहे. पावसाळ्यात तो वाटेच्या कडेने पसरतो, आणि पुढे त्याची फळे वाळून फुटली की प्रत्येक तुकड्याला ताठ काटे राहतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करून असतोच. दुसरा शत्रू बाभळीचा काटा. शेताच्या कुंपणासाठी बाभळीच्या किंवा वेड्या बाभळीच्या फांद्या वाटेवरून ओढत नेतात, आणि त्या गेल्यावर मागे काट्यांची पेरणी होते. नुकतीच कुंपणे घातलेली दिसली, तर त्या तुकड्यात सायकल हाताने न्यावी. पाहिजे तर उचलून न्यावी, तेवढेच मुलाचे मनोरंजन.

खर्च करायचाच असेल तर तो टायरवर करावा. जाड रबराचा, रुंद टायर घ्यावा. पावणेदोन ते दोन इंच रुंदीचा टायर गाडीवाटेवर चांगला चालतो. ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये बसवायची पट्टी मिळते, तसेच ट्यूबमध्ये भरायचे, छिद्र आपोआप बुजवणारे द्रावणही मिळते. सराट्याच्या बारीक छिद्रांवर हे द्रावण चांगले काम करते, बाभळीच्या काट्यापुढे मात्र ते नेहमी पुरेल असे नाही. म्हणून एक जादा ट्यूब, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या आणि हातपंप एवढे सामान पिशवीत असावेच. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून सर्व बाजूंनी फडके फिरवावे. काटा तेथेच राहिला असेल तर फडके अडकते. उघडे बोट फिरवू नये. हे न करता घाईने ट्यूब बदलणाऱ्यांची दुसरी ट्यूबही पुढच्या शेतापर्यंत टिकत नाही.

मुलाच्या सायकलचे म्हणाल, तर सीनेकाठचा प्रदेश सपाट आहे, चढ लागतो तो फक्त पात्रातून वर येताना, आणि तेथे उतरून चालायला दहा वर्षांच्या मुलाला कमीपणा वाटत नाही. तो मोठ्यांनाच वाटतो. बसकेची, म्हणजे सीटची, उंची तेवढी नीट ठेवावी: पायंडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. बसक फार खाली असल्यामुळे गुडघे दुखणारे आणि त्याचा दोष सायकलला देणारे पुष्कळ आहेत.

आणखी दोन गोष्टी. पहिली काळ्या मातीची. पाऊस पडून गेल्यावर ही माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये दाटते आणि चाक फिरायचेच थांबते. पावसानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन पडू द्यावे, मगच गाडीवाटेवर जावे. उन्हाळ्यात याच मातीला चाक रुतेल एवढ्या भेगा पडतात. त्या चाकाच्या दिशेने असतील तर पडायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट उसाची. कारखान्यांचा हंगाम सुरू असताना गावरस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि चालकाला मागचे काही दिसत नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की थांबावे, सायकल रस्त्याखाली घ्यावी आणि मुलाला आपल्या शेतकडेच्या बाजूला उभे करावे. ट्रॉलीला धरून सायकल चालवण्याचा खेळ गावची मुले खेळतात. आपल्या मुलाला तो पाहूसुद्धा देऊ नये.

प्रश्न: माझी मुलगी नोकरीनिमित्त व्हिएन्ना येथे आहे. उन्हाळ्यात मी तिच्याकडे जाणार आहे. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाउपासून व्हिएन्नापर्यंत सायकलने जाण्याचा तिचा बेत आहे. माझे वय ५८. सायकल येते, पण सोलापूरच्या रस्त्यांपलीकडे कधी चालवलेली नाही. मला जमेल काय? (एक वाचक भगिनी, होटगी रोड)

उत्तर: वाट जमण्यासारखी आहे, सलग किती दिवस चालवायची, हा प्रश्न वेगळा. पासाउ ते व्हिएन्ना हे अंतर सुमारे तीनशे वीस किलोमीटरचे असून एवढ्या अंतरात नदी जेमतेम दीडशे मीटर खाली उतरते. म्हणजे उतार डोळ्यांना कळत नाही, पण पायांना कळतो, आणि म्हणूनच बहुतेक लोक पासाउकडून व्हिएन्नाकडे, प्रवाहाच्या दिशेने जातात. वाराही बहुधा पश्चिमेकडूनच येतो. वरच्या उत्तरात नौका ओढणाऱ्या घोड्यांच्या ज्या वाटेचा उल्लेख केला, तिचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. घोड्यांना चढ नको होता, त्याचा लाभ आज गुडघ्यांना होतो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोव्हेलो ६' या लांब मार्गाचा हा तुकडा असल्याने पाट्याही भरपूर आहेत. काही जागी डोंगर थेट पाण्यात उतरल्यामुळे काठाची वाट तुटते. तेथे सायकलसह होडीने पलीकडे जावे लागते, आणि तो प्रवासातला गमतीचा भाग मानावा.

आमचा सल्ला असा की सुरुवात पूर्ण मार्गाने करू नये. व्हिएन्नातच डॅन्यूब बेट नावाचे एकवीस किलोमीटर लांबीचे, पूर्ण सपाट, मानवनिर्मित बेट आहे. शहराला पुरापासून वाचवण्यासाठी १९७२ ते १९८८ या काळात नदीचा दुसरा प्रवाह खोदला गेला आणि निघालेल्या मातीतून हे बेट उभे राहिले. तेथे मोटारींची भीती नाही. सलग चार-पाच सकाळी तेथे सायकल चालवावी, म्हणजे रस्त्याच्या उजव्या बाजूने जाण्याची सवयही होईल. आपल्याला जन्मभर डाव्या बाजूची सवय असल्याने वळणावर शरीर चुकीकडे झुकते. भाषा किंवा थंडी यापेक्षा याच गोष्टीचा त्रास अधिक होतो.

त्यानंतर एका दिवसासाठी रेल्वेने मेल्क येथे जावे आणि तेथून क्रेम्सपर्यंतचे छत्तीसएक किलोमीटर प्रवाहाबरोबर उतरावे. वाखाउ नावाचे हे खोरे २००० साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, मधे मधे लहान गावे आणि टेकडीवरचे पडके किल्ले, असा हा टप्पा आहे. क्रेम्सहून पुन्हा रेल्वे मिळते. सायकलसाठी वेगळे तिकीट काढावे लागते. हा एक दिवस सुखाचा गेला, तर पूर्ण मार्गाचा विचार रोज चाळीस-पन्नास किलोमीटरच्या हिशेबाने करावा, आणि बॅटरीवर चालणारी सायकल भाड्याने घेण्यात संकोच करू नये. कन्येच्या बरोबरीने चालवण्याचा मान राखायचा असेल, तर बॅटरीसारखा दुसरा उपाय नाही.

ऑस्ट्रियात सायकलला दिवे, घंटा आणि परावर्तक असणे कायद्याने आवश्यक आहे. भाड्याने घेतलेल्या सायकलला ते बहुधा असतात, तरी पाहून घ्यावे. सोबत सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्यावी. वजनाला हलकी, दिवस गेले तरी न बिघडणारी आणि नदीकाठच्या बाकावर बसून पाण्याच्या घोटाबरोबर खाता येईल अशी दुसरी शिदोरी आम्हाला ठाऊक नाही.

प्रश्न: भीमा-सीनेच्या काठी फिरण्यास योग्य काळ कोणता? पावसाळ्यात नदी भरलेली पाहणे अधिक चांगले नव्हे काय? (सैफुल)

उत्तर: दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. भरलेली नदी पाहावी ती पुलावरून, पोलिसांनी जाऊ दिले तर. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतील काठची गावे पाण्याखाली घेतली आणि महामार्गही बंद पडले, हे ताजे उदाहरण समोर असताना पावसाळ्यात काठाने फिरण्याचा सल्ला आम्ही कोणाला देणार नाही. भीमेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उजनी धरणातून शेतीसाठी आणि पंढरपूर, सोलापूर या शहरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी नदीत पाणी सोडले जाते, आणि ते हिवाळ्यात किंवा भर उन्हाळ्यातही सोडले जाऊ शकते. आकाश निरभ्र असताना पात्र भरू लागते, ते यामुळे. पाणी सोडल्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रांत येते. तशी बातमी नाही ना, हे पाहून मगच पात्रात उतरावे.

हिवाळ्यात वारा पूर्वेकडून, मंद असतो. फाल्गुनानंतर तो फिरतो आणि दुपारी पश्चिमेकडून जोर धरतो. सायकलस्वाराने जाताना वारा अंगावर आणि येताना पाठीवर, अशी फेरी आखावी. मार्चनंतर सकाळी नऊच्या पुढे बाहेर राहू नये. पौष-माघात हुरड्याचे दिवस असतात. काठच्या शेतात कोणी बोलावले तर फेरी तेथेच संपली असे समजावे.

प्रश्न: आमचा महिलांचा चालण्याचा गट आहे. हत्तरसंग कुडल येथील संगमाला भेट द्यायची आहे आणि तेथून काठाने थोडे चालायचे आहे. मागे एका गावी आम्ही बांधावरून जात असताना शेतकऱ्याने अडवले. नदीकाठ सर्वांचा नसतो काय? अशा वेळी काय करावे?

उत्तर: नदीचे पात्र आणि नदीकाठ यांत फरक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, सार्वजनिक रस्ते व वाटा यांची मालकी, कोणा व्यक्तीची सिद्ध झालेली नसल्यास, शासनाची असते. पण पात्र संपून शेत सुरू झाले की ती जमीन त्या शेतकऱ्याची आहे आणि बांधही त्याच्या शेताचा भाग आहे. त्याने अडवले ते हक्काने अडवले. त्याची बाजूही समजून घ्यावी. काठाला त्याची मोटार असते, केबल व पाइप उघडे पडलेले असतात, चोऱ्या होतात, आणि अनोळखी माणसांच्या पायाखाली ठिबकची नळी तुटली तर भुर्दंड त्याला पडतो.

वाट सार्वजनिक आहे की नाही, हे गाव नकाशावरून कळते. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. हा नकाशा तलाठी कार्यालयात पाहता येतो, आणि गटाने वरचेवर जायचे असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची प्रत घेऊन ठेवावी. मोबाईलवरील नकाशापेक्षा तो जुनाट दिसतो, पण कोणत्या वाटेवर आपला हक्क आहे हे तोच सांगतो. नकाशा दाखवून शेतकऱ्याशी हुज्जत घालू नये, "दादा, नदीकडे कुठून जाऊ?" एवढे विचारले तर तो बहुधा स्वतःच चार पावले बरोबर येतो. दक्षिण सोलापूर तालुक्याच्या त्या बाजूला अनेक घरांत कन्नड बोलली जाते. गटात कोणाला कन्नड येत असेल तर तिला पुढे ठेवावे.

हत्तरसंग कुडलची निवड उत्तम आहे. सीना येथे भीमेला मिळते, आणि दोन नद्यांच्या मधल्या त्या जागेत संगमेश्वर व हरिहरेश्वर ही जुनी मंदिरे आहेत. संगमेश्वर मंदिरातील शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या कालोल्लेखित लेखांत गणला जातो. तो तुळईवर कोरलेला आहे. खाली उभे राहून मान वर करून पाहावा लागतो, आणि दुपारच्या उजेडात अक्षरे नीट उठत नाहीत, म्हणून विजेरी न्यावी व तिचा प्रकाश बाजूने, तिरपा टाकावा. अक्षरांवर खडू किंवा पाणी लावू नये. हरिहरेश्वराच्या मंदिरात उत्खननात सापडलेले बहुमुखी शिवलिंग आहे. त्यावरील मुखे ३५९ आहेत असे सांगतात. मोजण्याचा प्रयत्न गटाने जरूर करावा, एकमत होण्याची शक्यता कमी आहे.

गावात पोचल्यावर मंदिरापासून संगमाच्या टोकापर्यंत आणि परत, एवढेच चालणे ठेवावे. पुढे काठाने जाण्याचा मोह होईल, पण तेथे उसाची शेते पाण्यापर्यंत आलेली असतात आणि उसात घोणस असते. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे असावेत, आणि उसाच्या सरीतून वाट काढू नये. देवळाच्या शिखराला किंवा मोठ्या झाडाला आग्यामोहोळ लटकलेले दिसले, तर तेथे धूप-अगरबत्ती लावू नये, मोठ्याने हाका मारू नयेत आणि गटाने तेथून शांतपणे दूर व्हावे. नदीचे पाणी पिऊ नये. भीमेत वरच्या शहरांचे सांडपाणी येते. माणशी दोन लिटर पाणी घरून न्यावे.

संगमाकडे जाण्यासाठी विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या बाजूने जावे लागते. एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात, त्यामुळे गटासाठी वाहन ठरवून जाणे सोयीचे, आणि परतीची वेळ चालकाला आधीच सांगून ठेवावी. गावात जेवणाची सोय गृहीत धरू नये. मंदिरात स्वच्छतागृहाची चौकशीही आधी करावी. महिलांच्या गटांची गैरसोय होते ती बहुधा याच बाबतीत, आणि ग्रामपंचायतीत किंवा शाळेत आदल्या दिवशी निरोप दिला तर ती टळते.